नाव ब्रह्मा, गाव बॉस्टन

मंडळी, फुगे फुगणं आणि फुटणं आपल्या आयटीवाल्यांना काही नवीन नाही. २००० साली डॉट कॉमचा फुगा फुटला तेव्हा मी भारतात शाळेत होतो, पण त्या वेळी इथे एच-वनवर असलेल्या काकालोकांच्या कहाण्या अजूनही गणपतीच्या पंगतीत ऐकायला मिळतात. २००८ साली घरांचा फुगा फुटला, २०२२ साली क्रिप्टोचा. पण आपल्या याच बॉस्टनमध्ये पावणेदोनशे वर्षांपूर्वी चक्क कोंबड्यांचा फुगा फुगला होता, असं सांगितलं तर? आणि त्या फुग्याच्या अगदी मधोमध उभ्या असलेल्या कोंबडीचं नाव होतं 'ब्रह्मपुत्रा'!

आज तिला 'ब्रह्मा' म्हणतात. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं वर्णन करतो. आपल्या गावठी कोंबडीच्या तिप्पट आकार. नराचं प्रमाण वजन १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. उभी राहिली की तीन-चार वर्षांच्या पोराच्या छातीला लागते. रंग पांढरा, गळ्याभोवती काळ्या रेघांची झालर. कपाळ डोळ्यांवर पुढे आलेलं, त्यामुळे चेहरा कायम कुणावर तरी रागावल्यासारखा. स्वभाव मात्र गरीब गायीसारखा. डोक्यावर नेहमीचा करवती तुरा नाही, नुसत्या तीन बुटक्या ओळी. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे पाय. मांडीपासून पार बोटांपर्यंत पिसंच पिसं! माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा मागच्या अंगणात बघून म्हणाली, "अरे, या कोंबड्यांना पायमोजे कुणी घातले?"

आमच्याकडे अशा तीन आहेत. जात नदीच्या नावाची म्हणून मुलीने आणि मी मिळून त्यांची नावं ठेवली गोदा, कृष्णा आणि कोयना. त्यांना आणल्यावर शेजाऱ्यांपासून देशातल्या नातेवाइकांपर्यंत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. "ही इंडियन आहे का?" नाव बघता उत्तर सोपं वाटतं. पण शोधायला लागलो तर एवढी मोठी भानगड निघाली की त्यावर लेखच लिहावा लागला.

कोंबड्यांचा ताप

गोष्ट सुरू होते ती चीनमध्ये. पहिल्या अफूच्या युद्धानंतर १८४२ साली नानकिंगचा तह झाला आणि शांघायसह पाच बंदरं परदेशी व्यापाराला खुली झाली. चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी यांच्याबरोबर जहाजांवरून मोठमोठ्या, गुबगुबीत, पायांवर पिसं असलेल्या कोंबड्याही पश्चिमेकडे यायला लागल्या. इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनी असं काही पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्या परसातल्या कोंबड्या लहान, चपळ आणि उडून झाडावर बसणाऱ्या. त्या काळी कोंबडी म्हणजे घरातल्या बाईमाणसांचा जोडधंदा. शेतकरी तिच्याकडे फारसं लक्ष देत नसे. पण १८४० च्या दशकात खुद्द व्हिक्टोरिया राणीने विंडसरला खास कोंबडीघर बांधून घेतलं, परदेशी कोंबड्या पाळल्या, त्यांची चित्रं लंडनच्या सचित्र वर्तमानपत्रात छापून आली, आणि कोंबडीला एकदम प्रतिष्ठा आली. राणी पाळते म्हटल्यावर सरदार पाळणार, सरदार पाळतात म्हटल्यावर दुकानदार पाळणार. आपल्याकडे काय वेगळं होतं?

अटलांटिकच्या या बाजूला ही साथ पसरवणारा गृहस्थ होता डॉक्टर जॉन बेनेट. हा माणूस म्हणजे एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १८३० च्या दशकात टोमॅटो हे औषध आहे असा त्याने प्रचार केला. इलिनॉयमध्ये मॉर्मन लोकांनी वसवलेल्या नावू शहराचा तो महापौर झाला, त्यांचा धर्मगुरू जोसेफ स्मिथचा उजवा हात झाला, मग भांडण होऊन १८४२ साली त्याची हकालपट्टी झाली आणि त्याच वर्षी त्याने त्या पंथाविरुद्ध पुस्तकही छापलं. त्यानंतर स्वारी मॅसॅच्युसेट्समध्ये येऊन कोंबड्यांकडे वळली!

१५ नोव्हेंबर १८४९ या दिवशी बेनेटच्या पुढाकाराने बॉस्टनच्या पब्लिक गार्डनमध्ये तंबू ठोकून कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. हे अमेरिकेतलं पहिलं मोठं कुक्कुट-प्रदर्शन. आज जिथे आपण पाहुण्यांना हंसांच्या होड्यांत बसवायला नेतो, तिथेच हजाराहून अधिक पक्षी पिंजऱ्यांत मांडले होते आणि ते बघायला दहा हजारांच्या आसपास माणसं लोटली. डॅनियल वेबस्टर यांच्यासारखा दिग्गज सिनेटरही तिथे आवर्जून आला होता. पुढच्याच वर्षी बेनेटने कोंबडीपालनावर जाडजूड पुस्तक काढलं आणि ताप चढायला लागला.

हा ताप कसा चढला ते समजून घेण्यासारखं आहे, कारण यंत्रणा अगदी आपल्या ओळखीची आहे. नवीन जातीची एक जोडी महाग, कारण ती दुर्मिळ. ती घेणारा तिची अंडी खात नाही. तो ती उबवून पिल्लं विकतो. पिल्लं घेणाराही खाणारा नसतो. तो मोठी करून पुढच्याला विकतो. म्हणजे किंमत मांसाची नाही, अंड्याचीही नाही. पुढे कुणीतरी आणखी जास्त किंमत देईल या आशेची. मजुराला दिवसाला साधारण एक डॉलर मिळायचा त्या काळात उत्तम जोडी शंभर-दीडशे डॉलरला जायला लागली. १८५४ च्या फेब्रुवारीत तर सर्कशीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या पी. टी. बार्नमने न्यूयॉर्कच्या आपल्या म्युझियममध्ये राष्ट्रीय कुक्कुट-प्रदर्शन भरवलं. बार्नम ज्या धंद्यात शिरतो तो कळसाला पोचला आहे हे समजून घ्यावं!

राणीला नजराणा

या सगळ्या बाजारातला सर्वांत हुशार खेळाडू होता जॉर्ज बर्नहॅम. राहणार मेलरोजचा, म्हणजे आपल्यातले काही जण जिथून रोज ट्रेन पकडतात तिथला. त्याच्याकडे राखी-पांढऱ्या रंगाच्या मोठ्या कोंबड्या होत्या. तो त्यांना 'ग्रे शांघाय' म्हणायचा. बेनेट आणि इतर मंडळी तसल्याच कोंबड्यांना 'ब्रह्मपुत्रा' म्हणायची.

१८५२ च्या अखेरीस बर्नहॅमने एक डाव टाकला. आपल्याकडच्या नऊ निवडक कोंबड्या सुंदर पेटाऱ्यात घालून त्याने थेट व्हिक्टोरिया राणीला नजराणा म्हणून पाठवल्या. फुकट! राजवाड्यातून आभाराचं पत्र आलं, राणीची तसबीर आली, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या सचित्र वर्तमानपत्रात त्या कोंबड्यांचं चित्र झळकलं. मग काय विचारता! इंग्लंडमधून बर्नहॅमकडे ऑर्डरी सुरू झाल्या. नऊ कोंबड्यांत त्याने जी जाहिरात मिळवली ती आजच्या एखाद्या स्टार्टअपला लाखो डॉलर ओतून मिळणार नाही.

बाजार १८५५ च्या सुमाराला कोसळला. विकणारे सगळे, घेणारा कुणी नाही. ज्यांनी शंभर डॉलर मोजले होते त्यांच्या कोंबड्या शेवटी पातेल्यात गेल्या. आणि बर्नहॅमने काय केलं? त्याने त्याच वर्षी 'हिस्टरी ऑफ द हेन फीव्हर' नावाचं विनोदी पुस्तक लिहिलं. त्यात गिऱ्हाइकांची, प्रतिस्पर्ध्यांची आणि स्वतःचीही यथेच्छ टिंगल केली. म्हणजे आधी कोंबड्या विकून पैसे, मग लोक कसे फसले ते सांगून पैसे!

नावाची गंमत

तर मूळ प्रश्न. चिनी की भारतीय?

त्या काळात या जातीला किमान डझनभर नावं होती. चितगाव, शांघाय, ग्रे शांघाय, ब्रह्मपुत्रा, आणि ब्रह्मपुत्रेचं स्पेलिंग तर ज्याच्या त्याच्या मनासारखं. जो विकायचा तो आपली कोंबडी वेगळी म्हणून नवं नाव ठेवायचा. शेवटी १८५२ साली बॉस्टनच्या प्रदर्शनात परीक्षकांनी 'ब्रह्मपुत्रा' या नावावर शिक्कामोर्तब केलं. अमेरिकन जिभेला तेवढं पेलवेना, म्हणून लवकरच त्याचं 'ब्रह्मा' झालं. संस्कृतात ब्रह्मपुत्र हा नद, ब्रह्मदेवाचा मुलगा. बॉस्टनकरांनी पुत्र गाळून टाकला आणि बापाला कोंबडीच्या पिंजऱ्यावर बसवलं!

भारतीय मूळ सांगणाऱ्यांचा मुख्य आधार होता कनेक्टिकटच्या व्हर्जिल कॉर्निश नावाच्या गृहस्थाची हकिगत. १८४६ साली चेंबरलिन नावाच्या माणसाला एका खलाशाकडून कळलं की न्यूयॉर्क बंदरात आलेल्या जहाजावर प्रचंड मोठ्या कोंबड्या आहेत. त्याने त्यांतली राखी जोडी घेतली, कनेक्टिकटला आणली, आणि पुढच्या वर्षी तिची पहिली पिल्लं निघाली. जहाज आलं होतं म्हणे 'लखीपूर'हून, ब्रह्मपुत्रेच्या मुलखातून.

ही हकिगत अगदीच अशक्य नाही. बॉस्टन आणि बंगाल यांच्यात त्या काळी चांगली ये-जा होती. १८३३ साली 'टस्कनी' नावाचं जहाज बॉस्टनहून चक्क बर्फ भरून कलकत्त्याला गेलं होतं! फ्रेडरिक ट्यूडरने इथल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात बराचसा वितळला, तरी उरलेल्या शंभरेक टनांनी कलकत्त्याच्या साहेबांची सरबतं थंड झाली. अशी जहाजं परत येताना खलाशी वाटेत खायला कोंबड्या घ्यायचे. न खाल्लेली एखादी जोडी न्यूयॉर्कला उतरली, यात नवल ते काय?

बर्नहॅमला हे सपशेल नामंजूर होतं. त्याचं म्हणणं, या सगळ्या कोंबड्या शांघायच्याच. नदीचं नाव बेनेटने धंद्यासाठी चिकटवलं. १८७४ साली त्याने चिनी कोंबड्यांवर वेगळं पुस्तक लिहिलं, त्यातही हेच ठासून सांगितलं. इंग्लंडमध्ये हाच वाद दोन तज्ज्ञांत रंगला. लुईस राइटने १८७० साली फक्त ब्रह्मा कोंबडीवर एक आख्खा ग्रंथ लिहिला आणि कॉर्निशची बाजू घेतली. विरुद्ध बाजूला विल्यम टेगेटमायर, म्हणजे कबुतरं आणि कोंबड्यांच्या बाबतीत चार्ल्स डार्विन ज्याला सल्ला विचारायचा तो माणूस. त्याचं मत असं की भारतातून अशी कोंबडी आल्याचा भरवशाचा पुरावा नाही, अंगलट सगळी चिनी कोचीनची आहे.

इथे मला एका गोष्टीचं फार हसू आलं. ज्या कोंबडीवरून 'कोचीन' हे नाव पडलं तिचा आपल्या केरळच्या कोचीनशी काही संबंध नाही. ते 'कोचीन-चायना', म्हणजे आजचा दक्षिण व्हिएतनाम, त्यावरून आलेलं. आणि कोंबडी तिथलीही नाही, शांघायची! म्हणजे नावावरून मूळ शोधायला गेलो तर पत्ता हमखास चुकणार.

तुऱ्याची साक्ष

कागदपत्रांनी सुटत नाही म्हटल्यावर मी दुसरीकडे वळलो. आम्ही संगणकवाले. कुठल्याही प्रोग्रॅममध्ये कुणी काय बदल केला त्याची नोंद तपासायची सवय. कोंबडीच्या बाबतीत ही नोंद तिच्या अंगावरच असते.

ब्रह्माच्या डोक्यावरच्या त्या तीन बुटक्या ओळींना 'वाटाणा तुरा' म्हणतात. चिनी कोचीनला तो नसतो. तिचा साधा करवती तुरा. वाटाणा तुरा असतो तो आपल्या असील कोंबड्याला आणि मलायी जातींना. चितगावची उंच, दणकट कोंबडी त्याच घराण्यातली. विल्यम बेटसनने १९०२ साली प्राण्यांमध्येही मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम चालतात हे दाखवलं, ते कोंबड्यांच्या याच तुऱ्यांवर प्रयोग करून. आणि २००९ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी वाटाणा तुऱ्यामागचा नेमका जनुकीय बदलही शोधून काढला. तो प्रभावी गुण आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. तेव्हा ब्रह्माच्या वंशात कुठेतरी चितगाव-असील घराण्याचा पूर्वज आला असणार. पुढे आलेलं ते रागीट कपाळही त्याच बाजूचं.

पायांवरची पिसं आणि गुबगुबीत अंग मात्र चिनी बाजूचं. या पिसांची गोष्ट तर फारच भन्नाट आहे. कबुतरांवर २०१६ साली आणि नंतर कोंबड्यांवर झालेल्या संशोधनातून असं दिसलं की पंख घडवणारा एक जनुक या पक्ष्यांच्या पायांतही थोडा जागा होतो. म्हणजे आईने ज्यांना पायमोजे म्हटलं, ते खरं तर पंख होऊ पाहणारे पाय आहेत.

आणखी एक साक्ष. ब्रह्माची कातडी आणि पाय पिवळे असतात. कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा हे डार्विनचं म्हणणं मुख्यतः बरोबर ठरलं. २०२० साली झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने त्याची नेमकी शाखाही दाखवली, नैऋत्य चीन, म्यानमार आणि उत्तर थायलंड या भागातली. पण तांबड्या रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते. २००८ साली उप्सला विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की पिवळ्या कातडीचा जनुक आला तो राखी रानकोंबड्याकडून. हा पक्षी फक्त भारतातला, तोही आपल्या बाजूचा. कोयनेच्या, राधानगरीच्या जंगलात पहाटे जो रानकोंबडा ओरडतो, तोच हा!

आता हे वाचून कुणी लगेच व्हॉट्सअॅपवर 'जगातल्या सगळ्या कोंबड्या मूळच्या सह्याद्रीतल्या' असा मेसेज फिरवू नये. पिवळ्या कातडीचा जनुक जगभरातल्या असंख्य जातींत आहे, हजारो वर्षांपूर्वी मिसळलेला. त्यावरून ब्रह्मा भारतातून आली असं सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच, की शुद्ध एकाच गावची अशी कोंबडीच नसते. आज बहुतेक जाणकार असं मानतात की शांघायच्या कोंबड्या आणि चितगावच्या राखी कोंबड्या यांच्या संकरातून ही जात इथे, न्यू इंग्लंडमध्ये, घडवली गेली. अंग चीनचं, तुरा बंगालचा, कारागिरी अमेरिकेची.

माझ्या मुलीने तिसरीत असताना शाळेच्या प्रोजेक्टसाठी हीच कोंबडी निवडली. फॉर्मवर 'मूळ देश' असा एकच रकाना होता. तिने विचारलं, "बाबा, काय लिहू?" मी तुऱ्याची, पायांची, बर्नहॅमची सगळी कथा सांगितली. तिने विचार केला आणि रकान्यात लहान अक्षरांत तिन्ही देश बसवले. बाईंनी खाली लिहिलं, एकच निवड. मुलगी म्हणाली, "पण मग ते खोटं होईल ना?" माझी ही पोर इथेच जन्मलेली. तिला स्वतःलाही दुकानात, बसमध्ये, खेळाच्या मैदानावर 'तू मूळची कुठली' हा प्रश्न विचारला जातो, आणि तिथेही एकाच रकान्याची अपेक्षा असते. भारतात गेलं की तोच प्रश्न उलट बाजूने येतो. तिने फॉर्म बदलला नाही. मीही सांगितलं नाही.

पंचाहत्तर वर्षांची सद्दी

ताप उतरला, पण कोंबडी टिकली. फुग्यातून शेवटी काहीतरी कामाचं उरतं ते असं. १८७४ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने जातींची पहिली अधिकृत नियमावली काढली, तेव्हा फिकट आणि गडद अशा दोन्ही ब्रह्मांना त्यात जागा मिळाली. बदामी रंगाची ब्रह्मा १९२४ साली आली. १८५० च्या दशकापासून साधारण १९३० पर्यंत ब्रह्मा ही अमेरिकेतली मांसासाठीची आघाडीची कोंबडी होती.

मग ती मागे पडली, कारण ती सावकाश वाढते. १९२३ साली डेलावेअरमधल्या सेसिल स्टील नावाच्या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली होती. चुकून ५०० आली. त्यांनी ती परत न पाठवता वाढवून मांसासाठी विकली, आणि ब्रॉयलरचा धंदा जन्माला आला. आता कमी दिवसांत जास्त मांस हा एकच निकष उरला. १९४८ साली 'उद्याची कोंबडी' अशी राष्ट्रीय स्पर्धाच झाली. ती जिंकली कॅलिफोर्नियाच्या व्हॅन्ट्रेस यांनी, कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर या जातींच्या संकराने.

इथे पुन्हा एकदा आपलं नाव येतं बरं का! ही कॉर्निश जात (वर आलेल्या कॉर्निशसाहेबांशी हिचा संबंध नाही) इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात तयार झाली, भारतातून नेलेल्या असील कोंबड्यांचा संकर करून. इंग्लंडमध्ये अजूनही तिला 'इंडियन गेम' म्हणतात. व्हॅन्ट्रेस यांची कंपनी पुढे कॉब या कंपनीशी जोडली गेली. कॉबची सुरुवात १९१६ सालची, इथल्याच लिटलटन गावच्या शेतावर. आणि या कॉबबरोबर भागीदारी करून पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने भारतात जो ब्रॉयलर आणला, त्याचं नाव 'वेनकॉब'. म्हणजे असील भारतातून कॉर्नवॉलला गेला, तिथून अमेरिकेला आला, मॅसॅच्युसेट्समधल्या कंपनीत नाव लावून परत पुण्याला पोचला. आपल्यापैकी किती जणांच्या करिअरचा नकाशा असाच आहे!

पण या वेगाची किंमत आहे. आज जगभर विकली जाणारी बहुतेक ब्रॉयलर मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या वाणांतली असतात आणि सहा-सात आठवड्यांत तयार होतात. एकाच साच्याचा पक्षी एकाच शेडमध्ये हजारोंनी असला की रोग शिरल्यावर सगळेच जातात. २०२२ पासून आलेल्या बर्ड फ्लूच्या साथीत या देशात कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या. ब्रह्मासारख्या जुन्या जाती काही फ्लूपासून सुरक्षित नाहीत, हे स्पष्ट सांगतो. पण उद्या कधी थंडीला टिकणारी, शांत, साध्या खाद्यावर राहणारी कोंबडी पैदा करायची झाली तर ते गुण कुणाच्या तरी परसात शिल्लक असायला हवेत. संपूर्ण बॅकअप एकाच सर्व्हरवर ठेवू नये, एवढं तर आपल्याला कळतं.

आमच्या अंगणातलं

२०२५ च्या मार्चमध्ये इथे डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंटवर गेला. तेव्हा आपल्या ओळखीतल्या निदान चार घरांनी मला फोन केला, "कोंबड्या कुठे मिळतात?" पुन्हा ताप! त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहितो.

स्वस्त अंड्यांसाठी ब्रह्मा पाळू नका. पिल्लू अंड्यावर यायला सात-आठ महिने घेतं. मग आठवड्याला तीन-चार तपकिरी अंडी. खाणं भरपूर. खुराडं कोल्हा आणि रकून यांना पुरून उरेल असं मजबूत लागतं. हे सगळं धरून आमच्या एका अंड्याचा खर्च मी एक्सेलमध्ये काढला आहे. ती फाइल बायकोला अजून दाखवलेली नाही.

पण आपल्या हिवाळ्यासाठी या कोंबडीसारखी कोंबडी नाही. बुटक्या तुऱ्यामुळे हिमदंशाची भीती कमी. बाकीच्या जाती थंडीत अंडी बंद करतात तेव्हाही या अधूनमधून देत राहतात. फक्त पायांच्या पिसांना ओला बर्फ आणि चिखल चिकटून गोळे होतात, म्हणून खाली कोरडा पेंढा सतत घालावा लागतो. कुंपण फार उंच नको, एवढं वजन घेऊन त्या उडत नाहीत. उन्हाळ्यात कृष्णा दरवर्षी खुडूक बसते आणि तीन आठवडे कुणाला जवळ येऊ देत नाही. एरवी मुलं उचलून घेतात तरी चालतं. आधी आपल्या टाउनचे नियम नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. आमच्याकडेही नाही. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही असं आपण म्हणतो. इथे झाकायलाच कोंबडं नाही, सूर्य आपला आपण उगवतो.

आई गेल्या वर्षी पुन्हा आली होती तेव्हा तिने एक गोष्ट सांगितली. तिच्या आईकडे, संगमेश्वरजवळच्या घरी, परसात गावठी कोंबड्या होत्या. रात्री डालग्याखाली झाकायच्या, सकाळी मोकळ्या सोडायच्या. त्यांची जात कुठली, मूळ कुठलं, कुणी विचारलं नाही. घरची कोंबडी, एवढीच तिची ओळख. हे सांगत ती खुराड्याशी बसून गोदाला तांदळाचे दाणे घालत होती आणि गोदा तिच्या हातातून खात होती.

तर मंडळी, दिवाळीचा फराळ झाला की मुलांना घेऊन जरूर या. शाकाहारी मंडळींनी नुसतं बघायला यावं. अंडी मात्र आधी येणाऱ्यालाच मिळतील. तिघींची मिळून आठवड्याला डझनभरही भरत नाहीत.